मार्शल हरला, मार्शल अटॅक राहिला

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोललेलीच ठेवली आहे.)

आजचा भाग ऐकताना शक्य असेल तर समोर बुद्धिबळाचा पट मांडा. घरात पट नसेल तर फोनमध्ये ॲप उघडा आणि खेळ्या करत चला. गाडी चालवत असाल तर मात्र नुसतं ऐका, पट घरी गेल्यावर.

गोष्ट माझ्या फजितीपासून सुरू होते. मागच्या वर्षी सांगलीत एक रॅपिड स्पर्धा होती. सांगली म्हणजे भाऊसाहेब पडसलगीकरांचं गाव, तिथं बुद्धिबळ खेळायला जायचं म्हटलं की जरा दडपण येतंच. मंगल कार्यालयात टेबलं लावलेली, आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झेंडूच्या माळा अजून खांबाला तशाच. माझे तीन फेऱ्यांत तीन गुण झाले होते. चौथ्या फेरीत समोर साठी ओलांडलेले एक काका आले. खिशात चष्म्याची केस, हातात स्टीलची पाण्याची बाटली. मी मनात म्हटलं, चला, चौथा गुणही आलाच.

मी काळ्या बाजूनं होतो. त्या आधीचे दोन महिने मी मार्शल अटॅक पाठ करत होतो. पाठ म्हणजे अगदी पाठ हो, शाळेत पाढे म्हणायचो तसा. ॲपवर खेळी दिसली की बोट आपोआप जायचं. काकांनी ई४ खेळलं, मी ई५. मग दोन्हीकडचे घोडे बाहेर, त्यांचा उंट बी५वर. हे झालं रुय लोपेझ. सोळाव्या शतकातल्या एका स्पॅनिश पाद्र्याचं हे नाव, त्याचं बुद्धिबळावरचं पुस्तक १५६१ सालचं आहे. साडेचारशे वर्षांहून जास्त काळ लोक ही सुरुवात खेळतायत आणि अजून कंटाळले नाहीत.

आता मार्शल अटॅक कुठं सुरू होतो ते सांगतो. पट मांडला असेल तर सात खेळ्या पटपट करून घ्या. तिसऱ्या खेळीला काळा ए६, पांढरा उंट मागं ए४वर. काळ्याचा घोडा एफ६वर, पांढरा कॅसलिंग करतो. काळ्याचा उंट ई७वर, पांढरा हत्ती ई१वर. मग काळा बी५, पांढरा उंट बी३वर. काळा कॅसलिंग करतो आणि पांढरा आठव्या खेळीला सी३ खेळतो. इथं शहाणा माणूस डी६ खेळून आपलं ई५चं प्यादं सांभाळतो. मार्शलवाला डी५ खेळतो! म्हणजे प्यादं थेट पुढं सारतो आणि म्हणतो, घे, ई५चं प्यादं तुझं. पांढरा डी५वर मारतो, काळा घोड्यानं परत मारतो. पांढरा घोडा ई५ खातो, घोड्याला घोडा जातो, आणि पांढरा हत्ती ई५वर येऊन बसतो. हिशोब केलात तर काळ्याचं एक प्यादं कमी. पण पांढऱ्याकडं नीट बघा. एफ३वरचा घोडा, जो राजाचा पहारेकरी होता, तो पटावरून गेला. वजिराच्या बाजूचे हत्ती, घोडा, उंट तिघंही अजून घरात झोपलेत. काळ्याच्या उंटांचे आणि वजिराचे रस्ते मात्र पांढऱ्या राजाच्या दारापर्यंत मोकळे. एका प्याद्याच्या बदल्यात एवढं मिळतं.

हां, तर माझा डाव. अकराव्या खेळीला मी सी६ खेळलो. या जागी आज सगळे तेच खेळतात. पाठ केलेली पुढची ओळ अशी होती: पांढरा डी४, माझा उंट डी६, हत्ती मागं ई१वर, माझा वजीर एच४, पांढरा जी३, वजीर एच३. मग पांढरा हत्ती ई४वर येतो, कारण त्याला एच४वर जाऊन माझ्या वजिराला हुसकायचंय. आणि तिथं काळ्याची एक झकास खेळी आहे: जी५. एच४चं दार बंद! ते जी५चं प्यादं फुकट दिसतं, पण पांढऱ्या उंटानं ते खाल्लं की काळा वजीर एफ५वर येतो. एकाच वेळी ई४चा हत्ती आणि जी५चा उंट, दोघांवर हल्ला, आणि दोघांनाही कुणाचा आधार नाही. एक जातोच.

बाराव्या खेळीला काका आठ मिनिटं बसले. पंचवीस मिनिटांच्या डावात आठ मिनिटं! मी उठून फेरी मारून आलो, शेजारच्या पटावर डोकावलो, पाणी प्यायलो. परत येऊन बघतो तर त्यांनी डी-प्यादं पुढं टाकलेलं. मी ते नीट बघितलंसुद्धा नाही. उंट डी६, वजीर एच४, वजीर एच३, सगळं फटाफट. त्यांनी हत्ती ई४वर आणला, मी ऐटीत जी५ खेळलो. काकांनी चष्मा वर केला, पटाकडं बघितलं आणि उंटानं जी५ खाल्लं.

मी वजीर एफ५वर नेला आणि तेव्हा पहिल्यांदा पट बघितला. त्यांचं प्यादं डी४वर नव्हतं, डी३वर होतं. एकच घर कमी. आणि डी३वरच्या प्याद्याचा ई४च्या हत्तीला आधार होता. माझा दुहेरी हल्ला उरलाच नव्हता, त्यांनी उंट आरामात उचलून बाजूला घेतला. दोन प्यादी गेली, मग डाव गेला. हात मिळवताना काका म्हणाले, "पाठ होतं ना रे तुझं? माझं नव्हतं, म्हणून मला बघावं लागलं." आणि वर म्हणाले, "मार्शलचा स्वतःचा पहिला डाव बघितलायस का? आधी तो बघ."

मी तो कधीच बघितला नव्हता. दोन महिने ज्याच्या नावाचं ओपनिंग घोकलं, त्याचा डावच माहीत नव्हता. कारण सोपं आहे. तो तो डाव हरला होता, आणि हरलेला डाव ॲप कशाला शिकवेल?

तर आता न्यूयॉर्कला जाऊ. तारीख २३ ऑक्टोबर १९१८. पहिलं महायुद्ध संपायला अजून एकोणीस दिवस आहेत. शहरात स्पॅनिश फ्लू शिगेला पोचलाय. (आपल्या मुंबईत तो जूनमध्येच येऊन थडकला होता.) अशा दिवसांत मॅनहॅटन चेस क्लबच्या स्पर्धेत पांढऱ्या बाजूनं बसलाय होजे राऊल कापाब्लांका, हवानाचा, वय २९. काळ्या बाजूनं फ्रँक मार्शल, वय ४१, अमेरिकेचा विजेता.

या दोघांचं जुनं नातं आहे. १९०९मध्ये दोघांत सामना झाला होता. मार्शल तेव्हा मोठं नाव, कापाब्लांका वीस वर्षांचा पोरगा. निकाल? कापाब्लांकानं आठ डाव जिंकले, मार्शलनं एक, चौदा बरोबरीत. आणि १९१८मध्ये परिस्थिती अशी की कापाब्लांका १९१६च्या फेब्रुवारीपासून एकही डाव हरलेला नाही. पुढं ही मालिका थेट मार्च १९२४पर्यंत चालली. आठ वर्षं हा माणूस हरला नाही! तर मंडळी, या माणसासमोर आठव्या खेळीला मार्शलनं डी५ खेळलं.

इथं एक दंतकथा आहे, आणि ती तुम्ही कुठल्या ना कुठल्या व्हिडिओत ऐकली असणार. म्हणे, १९०९च्या पराभवानंतर मार्शलनं हे अस्त्र नऊ वर्षं लपवून ठेवलं, फक्त कापाब्लांकासाठी. गोष्ट म्हणून भारी आहे, मला स्वतःला फार आवडायची. पण इतिहास खणणाऱ्यांना तिला पुरावा मिळालेला नाही. मधल्या वर्षांत कापाब्लांकाविरुद्ध ही खेळी खेळायची संधी मार्शलला आली होती, त्यानं ती सोडली. शिवाय १९१७मध्ये त्यानं हीच कल्पना दुसऱ्या एका खेळाडूविरुद्ध वापरल्याची नोंद आहे. आणि सूडाचं म्हणाल तर १९११च्या सान सेबास्तियनच्या स्पर्धेत कापाब्लांकाला घ्या असा आग्रह धरणाऱ्यांत मार्शलच होता. त्या स्पर्धेनंच कापाब्लांकाला युरोपभर नाव मिळवून दिलं. सूड घेणारा माणूस असा वागतो का? मार्शलभोवती अशा कथा बऱ्याच आहेत. १९१२मध्ये त्यानं ब्रेस्लाऊला अशी एक वजिराची खेळी केली की प्रेक्षकांनी पटावर सोन्याची नाणी उधळली म्हणतात. तीही कथा खरी की खोटी यावर लोक अजून भांडतात. माणूसच तसा नाट्यमय होता, काय करणार.

नऊ वर्षं असोत की नऊ आठवडे, मार्शल तयारीनं आला होता एवढं नक्की. आणि हे कापाब्लांकाला पटावर कळलं. आता त्याच्या जागी बसून बघा. समोर एक प्यादं फुकट ठेवलंय. ठेवणारा जगातला नावाजलेला हल्लेखोर आहे, ज्यानं स्वतःच्या डावपेचांवर आख्खं पुस्तक काढलंय. पुढचा प्रत्येक रस्ता त्याच्या पायाखालचा, तुमच्यासाठी सगळा अंधार. तुम्ही प्यादं न खाता शांतपणे दुसरं काही खेळू शकता. कापाब्लांकानं नंतर लिहिलंय, त्याचा आशय असा: मी थोडा वेळ विचार केला, भयंकर हल्ला होणार हे दिसत होतं, पण माझ्या समजेलाच कुणीतरी आव्हान देतंय असं वाटलं आणि अंगात लढायची खुमखुमी आली. परिस्थिती आपल्या बाजूची आहे असं त्याच्या बुद्धीला दिसत होतं, म्हणून त्यानं प्यादं घेतलं.

आणि हल्ला आला, अगदी अपेक्षेप्रमाणे. त्या दिवशी अकराव्या खेळीला मार्शलनं सी६ नाही, घोडा एफ६वर मागं नेला. उंट डी६वर. कापाब्लांका एच३, म्हणजे घोड्याला जी४वर येऊ द्यायचं नाही. मार्शलनं तरीही घोडा जी४वर आणून ठेवला, प्याद्याच्या तोंडात! तो खाल्ला असता तर वजीर एच४वर येऊन राजाभोवती सगळं पेटलं असतं. कापाब्लांकानं वजीर एफ३वर आणला. मार्शलनं वजीर एच४.

इथं थांबा. ॲपवर करत असाल तर पॉज करा. पांढरा वजीर एफ३वर आहे. तिरक्या रेषेत बघा, ई४, डी५, सी६, बी७ सगळी घरं रिकामी आणि टोकाला ए८वर काळा हत्ती. कुणाचाही आधार नसलेला, फुकट! तुम्ही खाल्ला असता की नाही? मी खाल्ला. खरंच, त्या रात्री घरी पहिल्यांदा करून बघताना माझं बोट आधी तिकडंच गेलं. आणि मग काय होतं बघा: काळा वजीर एफ२वर शह देतो, राजा एच१वर जातो, वजीर ई१चा हत्ती खातो आणि मात. दोन खेळ्यांत संपलं.

कापाब्लांकानं हत्तीकडं ढुंकूनही बघितलं नाही. त्यानं डी४ खेळलं. साधं प्यादं, पण त्यामुळं सी१च्या उंटाची वाट मोकळी झाली. मग मार्शलनं घोड्यानं एफ२ मारलं, कापाब्लांकानं घोडा न खाता हत्ती ई२वर आणला. मार्शलनं दुसरा उंट जी४वर झोकून दिला, तो मात्र कापाब्लांकानं खाल्ला. नंतर एच२वर शह, मग एच१वर वजिराचा शह, आणि पांढऱ्या राजाची पायपीट सुरू झाली. जी१वरून एफ१, एफ१वरून ई२, पुढं डी३, शेवटी सी२. पटाच्या मधोमध, भर बाजारातून राजा चालत गेला आणि पलीकडच्या गल्लीत सुखरूप पोचला. गंमत म्हणजे चोविसाव्या खेळीपर्यंत पांढऱ्याचा बी१चा घोडा आणि ए१चा हत्ती जागचे हलले नव्हते, आणि तरी तो जिंकत होता. हल्ला विझल्यावर कापाब्लांकानं वजिराच्या बाजूची प्यादी ढकलायला सुरुवात केली. एक बी७पर्यंत पोचलं, आणि ३६व्या खेळीला उंटानं एफ७वर घाव घातल्यावर डाव संपला.

हा डाव मी त्या आठवड्यात किती वेळा बघितला ते विचारू नका. इंजिन लावून बघितला, इंजिन बंद करून बघितला. कापाब्लांकाला एकही खेळी आधी माहीत नव्हती आणि पटावरून त्याची नजर एकदाही हलली नाही. मी पाणी प्यायला उठलो होतो.

पण मला खरी ओढ मार्शलची लागली. कारण विचार करा, दुसरा कुणी असता तर काय म्हणाला असता? एवढी तयारी केली, सगळ्यांसमोर डाव हरलो, ही कल्पनाच फुसकी, द्या टाकून. झालं उलटंच. कल्पना बरोबर होती, चूक एका खेळीत होती. अकराव्या खेळीला घोडा मागं नेल्यामुळं बी३च्या पांढऱ्या उंटाची रेषा उघडी पडत होती. त्याऐवजी सी६ खेळलं की घोडा डी५वर भक्कम बसतो, ती रेषा बंद होते आणि हल्ला तसाच राहतो. सी६च्या पायावर मार्शल अटॅक पुन्हा उभा राहिला. १९६५मध्ये तिबिलिसीत, जगज्जेत्याला आव्हान कोण देणार हे ठरवणाऱ्या सामन्यात, स्पास्कीनं तालविरुद्ध हेच हत्यार काढलं आणि सामना जिंकला. १९९३मध्ये लंडनला शॉर्टविरुद्ध कास्पारोव्हनं आठव्या खेळीला सी३ टाळून ए४ खेळलं, म्हणजे मार्शलला दारातूनच परत पाठवलं. कास्पारोव्हसारखा माणूस ज्या वाटेला जात नाही, ती वाट किती धोक्याची असेल बघा.

आता शेवटचा डाव, आणि हा ऐकल्यावर मला माझं जी५ आठवून हसूही आलं आणि पोटात कालवलंही. स्वित्झर्लंडमधलं ब्रिसागो, ऑक्टोबर २००४. जगज्जेता व्लादिमीर क्रॅमनिक विरुद्ध हंगेरीचा पीटर लेको. चौदा डावांचा सामना, आठवा डाव. क्रॅमनिक पांढरा, आणि पटावर मार्शल अटॅक. सी६, डी४, वजीर एच३, हत्ती ई४, आणि लेको खेळला... जी५. माझीच खेळी! फक्त त्याच्या समोर प्यादं डी४वर होतं.

पुढं क्रॅमनिकनं हत्तीच्या बदल्यात आपला वजीरच देऊन टाकला आणि ए-पट्टीवरचं प्यादं पुढं पळवलं. ते ए६पर्यंत पोचलं, आता नवा वजीर होणारच. ही सगळी ओळ त्याच्या गटाची घरची तयारी होती, संगणकावर तपासलेली. तेव्हाचा संगणक ही स्थिती पांढऱ्यासाठी जिंकलेली दाखवत होता, आणि माणसांनी तिथंच तपासणं थांबवलं. लेको पटावर विचार करत बसला. आणि पंचविसाव्या खेळीला त्यानं वजीर डी३वर ठेवला. शह नाही, काही मारलं नाही, नुसता वजीर नेऊन ठेवला. पण त्यानंतर पांढऱ्या राजाला वाचवायला काही उरत नव्हतं. ३२व्या खेळीला क्रॅमनिकनं डाव सोडला.

म्हणजे १९१८मध्ये मार्शलची बाजू तयारी करून आली होती आणि समोरच्यानं पटावर बसून तिला हरवलं. २००४मध्ये मार्शलविरुद्ध तयारी करून आलेला माणूस हरला आणि मार्शल खेळणारा पटावर विचार करून जिंकला. (क्रॅमनिकनं शेवटचा, चौदावा डाव जिंकून सामना ७–७ बरोबरीत आणला आणि पद राखलं. तो डावही ऐकण्यासारखा आहे, पण तो पुन्हा कधीतरी.)

यावर तुम्ही म्हणाल, मग पाठांतर सोडायचं का? मी नाही सोडलं. कापाब्लांकासारखी बुद्धी माझ्याकडं नाही, आणि सगळं पटावर शोधायला बसलो तर दहाव्या खेळीलाच घड्याळ पडेल. फक्त आता वहीत प्रत्येक खेळीपुढं "का" ते लिहितो, मोडक्यातोडक्या मराठीत. जी५पुढं लिहिलंय: "हत्ती ई४वर निराधार असेल तरच. डी३ की डी४ बघ, गाढवा." आणि डाव चालू असताना जागेवरून उठत नाही. पाणी आधीच पिऊन घेतो.

या वर्षी परत सांगलीला गेलो होतो. तेच कार्यालय, या वेळी माळा नव्हत्या. पाचव्या फेरीची जोडी लागली आणि समोर तेच काका, तीच स्टीलची बाटली. मी पुन्हा काळा. मनातून इतका खूश झालो की काय सांगू, वर्षभर डी३ची ओळ घासली होती. ई४, ई५, घोडे बाहेर, उंट बी५, सगळं ठरल्यासारखं. सात खेळ्या झाल्या, मी कॅसलिंग केलं आणि सी३ची वाट बघत बसलो.

काकांनी चष्मा वर केला, माझ्याकडं बघून मिश्किल हसले आणि ए४ खेळले.

डाव बरोबरीत सुटला. चहा त्यांनी पाजला. चला मंडळी, भेटू पुढच्या भागात.